भिंतीला पाठ लावून

या, या. वीज गेलीय म्हणून हा दिवा लावलाय. ती खुर्ची ओढून घ्या आणि निवांत बसा. माझं काय, मी उभीच बरी. सवय झालीय.

तर तुम्हीही हेच विचारायला आला असणार, की घरमालकाचा एजंट आहेच. तो घर दाखवतो, कागद करतो, वर गोडही बोलतो. मग घेणाऱ्यानं आपला वेगळा एजंट न्यायचाच कशाला? अहो, सगळेच विचारतात. मी पूर्वी एका दमात सांगून मोकळी व्हायचे, की बाबा, तो माणूस मालकाचा आहे, तुमचा नाही. तो खोटं बोलेलच असं नाही, पण तुम्ही जे विचारणार नाही ते तो आपणहून सांगणार नाही. आणि काय विचारायचं ते तुम्हाला कुठं ठाऊक असतं? घर आवडलं की माणूस आंधळा होतो. खिडकीतून एक झाड दिसलं की झालं, मनातल्या मनात पडदे लावून मोकळा.

बावीस वर्षं मी फक्त घेणाऱ्यांचं काम केलं. दोन्ही बाजूंनी खाणाऱ्यांतली मी नाही. माझ्या पर्समध्ये एक काचेची गोटी असते, ती जमिनीवर ठेवली की उतार कळतो. मी नळ सोडून ठेवते, दारं लावून बघते, कपाटात डोकं घालून वास घेते. लोक हसतात, हसू देत. पण माझी खरी युक्ती वेगळीच होती. मी घर बघतच नसे, घर दाखवणारा कुठं उभा राहतो ते बघत असे. जिथं भेग असते, ओल असते, फरशी फुटलेली असते, बरोबर तिथंच तो जाऊन उभा राहतो. हातवारे करतो, हवा किती छान येते ते सांगतो, पण जागा सोडत नाही. बऱ्याचदा त्याचं त्यालाही कळत नसतं. मग मी अगदी लाडात म्हणायचे, "जरा बाजूला व्हा हो." की उघडं पडलंच बिंग.

या एका वाक्यावर मी नाव कमावलं. आता ते मी तोंडातून काढत नाही. का, तेच सांगते. बसा ना, अवघडून उभे का?

एक जोडपं आलं होतं माझ्याकडं. नवरा बस चालवायचा, बायको घरीच कपडे शिवायची. सात वर्षं एका खोलीत काढलेली, शिवणयंत्र पलंगाला चिकटून. ती मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागली. "मावशी, घर तुम्ही आधी बघा, मी नंतर बघीन," असं म्हणायची, पण कसलं काय! त्या घराच्या मागच्या खोलीत गेली आणि तिथंच विरघळली. उत्तरेचा उजेड, लांबलचक खिडकी. "यंत्र इथं ठेवीन," म्हणाली. मी तिला चिमटा काढला. समोरच्यासमोर घर आवडलं असं दाखवायचं नसतं, हे मी तिला रिक्षात बसल्यापासून बजावत होते.

समोरचा म्हणजे मालकाचा एजंट. आम्ही पोचलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून आवाज आला, "या, उघडंच आहे." तो त्या मागच्या खोलीत होता. पांढरा शर्ट, व्यवस्थित भांग, पन्नाशीचा असेल. खिडकीसमोरच्या भिंतीला पाठ लावून उभा. बोलणं अगदी सभ्य. "तुम्ही घर बघून घ्या, मी इथंच आहे," म्हणाला. आणि खरोखर तिथंच राहिला. आम्ही स्वयंपाकघर बघितलं, न्हाणी बघितली, गच्चीवर जाऊन आलो, साहेब आपले जागच्या जागी. मी मनातल्या मनात त्याचं नाव खांब ठेवलं.

मला काय, आनंदच झाला. म्हटलं, सापडली ओल. पण पहिल्या भेटीत मी कधी बोलत नसे, हातचं राखून ठेवत असे.

दुसऱ्या भेटीला मुद्दाम वेळ बदलून सकाळी गेलो. खांब तिथंच. निघताना मी म्हटलं, "चला, बरोबरच निघू." तर म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी नंतर कुलूप लावतो." मागच्या गल्लीत आल्यावर मी वळून बघितलं. लांबलचक खिडकीतून तो दिसत होता, तस्सा, भिंतीला चिकटून. आता तर खोलीत कुणीच नव्हतं. आता कुणापासून लपवतोय हा? पण मी म्हटलं, असेल विक्षिप्त, आपल्याला काय करायचंय.

तिसरी भेट करार पक्का करायच्या दिवशी, भर दुपारी. लख्ख ऊन होतं हो, खोलीत सुई पडली असती तरी दिसली असती. कागदांचं सगळं बोलून झालं होतं. बायकोनं, त्या पोरीनं, शिवणयंत्राच्या जागेची मापं घ्यायला टेप आणली होती. नवरा खिडकीशी उभा राहून खाली लावलेल्या कुणाच्या तरी गाडीकडं बघत होता. आणि मी माझी गोटी काढून जमिनीवर ठेवली.

गोटी सावकाश घरंगळत निघाली, खोली ओलांडून गेली आणि खांबाच्या बुटाला लागून थांबली. मग त्या बुटाशेजारी ती थरथरायला लागली. कुणीतरी आतून फरशी ठोठावल्यावर थरथरावी तशी.

मी उठले. "जरा बाजूला व्हा हो," म्हटलं.

त्याचं हसू मावळलं.

"बाई... दुसरं काहीही विचारा," तो हळूच म्हणाला. "पाण्याचं विचारा, शेजाऱ्यांचं विचारा. मी खरं सांगेन."

"मला ती भिंत बघायचीय."

"तुम्ही कुणाकडून? घेणाऱ्यांकडून ना?"

"हो. का?"

"मीही... घेणाऱ्यांचाच होतो पूर्वी," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. "सगळे येतात, भिंती बघतात. मला बाजूला हो म्हणून कुणी सांगतच नाही. आपणहून यातून सुटता येत नाही, बाई... कुणीतरी सांगावं लागतं. परत विचार करा."

आता तुम्हीच सांगा, समोरचा माणूस असं बोलायला लागल्यावर शहाण्या बाईनं काय करावं? पोरांना घेऊन मुकाट्यानं घर सोडावं. पण माझा ताठा! एजंट नाटक करतोय आणि मी बावीस वर्षांची मुरलेली, मी फसते होय? मी पदर खोचला आणि म्हणाले, "मी सांगतेय. व्हा बाजूला."

त्यानं डोळे मिटले आणि एक पाऊल उजवीकडं टाकलं.

आधी वास आला. बंद पडलेल्या विहिरीचा, कुजलेल्या गोणपाटाचा. मग मी भिंत बघितली. ओल होती, पण ती पसरलेली नव्हती. डोकं, खांदे, लोंबते हात. एका उभ्या माणसाएवढी, अगदी काठ आखून दिल्यासारखी. आणि खांबाच्या शर्टाची मागची बाजू... पुढून इस्त्रीचा तो शर्ट मागून मानेपासून कमरेपर्यंत काळाहिरवा झाला होता, अंगाला चिकटून सडला होता.

नवरा अजून खिडकीतून खालीच बघत होता. आणि पोरगी टेप हातात घेऊन त्या भिंतीकडं चालत निघाली.

"पोरी, थांब," मी म्हटलं, पण तिचं लक्षच नव्हतं.

तिनं टेप गुंडाळलेला हात पुढं केला, ओल किती आहे ते चाचपायला करतो ना आपण, तसा. तिचा तळहात भिंतीला लागला आणि आत गेला. मळलेल्या कणकेत जावा तसा, मनगटापर्यंत. ती ओरडली नाही हो. ती फक्त म्हणाली, "मावशी... आतून कुणीतरी धरलंय."

मी कशी धावले ते मला ठाऊक नाही. तिच्या कमरेला मिठी मारून मी तिला मागं ओढलं. हात सुटला, टेप आतच राहिली, सरसर सरसर आत ओढली गेली. ओलीचे ते हात आता लोंबत नव्हते, वर उचललेले होते. मला एकच सुचलं. मी गर्रकन वळले आणि त्या ओलीला माझी पाठ लावली.

"जा!" मी ओरडले. "दोघं खाली जा, वळून बघू नका!"

नवऱ्यानं तिला अक्षरशः उचलून नेलं. जिन्यावर त्यांची पावलं ऐकली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. आणि मग मला जाणवलं. भिंतीच्या आतून कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून उभं होतं. मणक्याला मणका लागत होता. मी श्वास घेतला की तेही घेत होतं, जरासा उशिरा.

खांब दाराशी उभा होता. रडत होता. "मला माफ करा, बाई," एवढंच म्हणाला, हात जोडले आणि गेला. चप्पल घातल्यावर मूल पळतं ना खेळायला, तसा जिना उतरत गेला. नंतर त्याला कुणी पाहिलं नाही.

पोरगी वाचली. त्यांनी ते घर घेतलं नाही, दुसरं बघून दिलं मी, लहानसंच आहे. तिच्या उजव्या हाताची नखं अजून काळी आहेत, शिवताना दुखतात म्हणते. पण आहे, हसतीखेळती आहे. त्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलते.

त्या दिवशी ऊन कलल्यावर मी हिंमत करून भिंतीपासून सुटले होते. मागं बघितलं तर भिंत कोरडी ठणठणीत. मला वाटलं, सुटले! घरी आले, स्वयंपाकघरात चहा टाकला, आणि मागून तोच वास आला. माझ्या भिंतीवर, माझ्याच मापाची ओल.

म्हणजे ती त्या घराची नव्हतीच. जो पुढं उभा राहील त्याची होती. चालत असले तोवर काही होत नाही. थांबले की पाठीमागच्या भिंतीवर ती उमटते, आणि मग मी पाठ लावली नाही तर ती हात वर करते. पहिल्या महिन्यात मला हे सगळं कळायचं होतं. मी ताईकडं गेले होते, बशी ठेवायला भिंतीपासून उठले, तेवढ्यात तिची मांजर अंग घासत त्या भिंतीला लागली आणि आत गेली. ताई अजून रोज संध्याकाळी वाटीत दूध ठेवते. मी तिला काही सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून म्हणते, घर बघायला आपलं माणूस न्या. मला न्या किंवा दुसऱ्या कुणाला न्या, पण जो तुमच्यासाठी बघेल असा न्या. एकटे असतात ते अशा भिंतीला सहज हात लावतात. आणि मला बाजूला व्हा म्हणू नका. मी भली बाई आहे हो, पण पाठ फार गारठते. कुणी एकदा म्हणालं तर मी नाही म्हणेन याची मला खात्री राहिलेली नाही. त्या खांबानं निदान दोनदा बजावलं होतं.

बोलून घसा सुकला. तुम्ही मात्र एक अक्षर बोलला नाहीत. कुठलं घर बघताय तेही सांगितलं नाहीत... आणि खुर्ची तशीच आहे. मी मघाशीच बसा म्हटलं होतं तुम्हाला, दोनदा म्हटलं.

आल्यापासून तुम्ही त्या दाराशेजारच्या भिंतीलाच टेकून आहात. मला वाटलं, लाजताय. पण तुमच्या टाचांपाशी फरशी ओली दिसतेय, आणि बाहेर तर पाऊस नाही.

असे बघू नका माझ्याकडं. तुम्हाला माझ्याकडून काय ऐकायचंय ते कळलं मला. बावीस वर्षांची सवय आहे, जिभेवर येऊन थांबलंय... पण मी म्हणणार नाही. आपण दोघं उभे राहू असेच. दिव्यात सकाळपर्यंत पुरेल एवढं तेल आहे.