खुर्ची घेतली, मग खेकडा

सुवा शहरातल्या विद्यापीठात माझं कँटीन आहे. उनाईसी पहिल्यांदा आली तेव्हा बाहेर धो धो पाऊस. आपलं गाव मला सांगत ती उकडलेला कसावा घेऊन बसली, तोच शेजारच्या तोमासीनं तिच्या ताटातला तुकडा उचलला.

"ए! कोण रे तू?"

"तुझ्या गावाचा तौवू. ओरडू नकोस, खाऊ दे."

आमच्याकडे काही गावांचं एकमेकांशी असं थट्टेचं नातं असतं बघा; त्या गावचा माणूस म्हणजे तौवू. तौवूचं काहीही न विचारता उचलावं, वाट्टेल ते बोलावं. रागवायचं नाही.

दोघं कॉम्प्युटरच्याच वर्गात. तो रोज तिचं ताट लुटायचा, ती त्याला खेकडा म्हणायची. मग एक दिवस ताट तसंच राहिलं.

"मामा, मी हे सोडतेय," उनाईसी म्हणाली. "गटात मी एकटी मुलगी. प्रोग्राम पोरं लिहिणार, मी नुसती चित्रं रंगवायची. की-बोर्डला हात लावू देत नाहीत. उद्या दुसरा कोर्स घेते."

मी तोमासीला झापलं, "तू पण त्यातलाच ना रे, गाढवा?"

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "उनाईसी... तू माझं कधी काही घेतलंच नाहीस."

"तुझ्याकडे आहे काय, खेकड्या?"

"खुर्ची आहे. मशीनसमोरची."

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि म्हणाली, "ऊठ." हा उठला! बाकीची पोरं ओरडली, तर म्हणतो, "तौवूला नाही कसं म्हणू?" तिचा प्रोग्राम आधी सपशेल पडला, संध्याकाळी चालला. कोर्स काही तिनं बदलला नाही.

आता माझ्या कोपऱ्यातल्या टेबलावर ती पहिल्या वर्षाच्या पोरींना शिकवते. की-बोर्ड पोरींच्याच हातात. तोमासी चहा आणून देतो आणि तोंड बंद ठेवतो... त्याच्यासाठी ते फार अवघड आहे.

परवा पोरी गेल्यावर तो तिला म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

ती हसली. "तौवूचं बोलणं कोण खरं धरतं?"

"आज थट्टा नाही..." कान लाल झाले होते त्याचे.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याची कॉलर धरून उठवलं आणि मला म्हणाली,

"मामा, हा मी घेतला. विचारायचं कशाला, तौवू आहे!"