भिंतीवरचे तीन ठोके

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठीक, नाही पटली तर सोडून द्या. मला कुणाशी वाद घालायचा नाही.

ज्याच्या बाबतीत हे सगळं घडलं तो शुर्दे माझा धाकटा दीर. खोटं रचून सांगायला जे डोकं लागतं ते त्याला देवानं दिलेलं नाही. माझ्याच स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता त्यानं हे सांगितलं, आणि मधेच सुरी खाली ठेवून रडला.

जागा आमचंच गाव. अस्तुरियासचं कोळशाचं खोरं, मिएरेसच्या वरच्या अंगाला. खाणी केव्हाच बंद पडल्यात.

आणि वेळ रात्रीची नव्हती. असलं काही रात्रीच होतं असं लोकांना उगाच वाटतं. ऑक्टोबरचा शेवटचा दिवस होता. दुपार. जेवणं उरकून सगळं गाव आडवं झालं होतं.

शुर्दे, नेल आणि ओलाया एका वर्गातले. मिसरूड फुटायच्या वयात त्यांनी नेलच्या घराला लागून असलेल्या रिकाम्या गोठ्यात बँड काढला. नाव ठेवलं 'पोसू मुदू', म्हणजे मुकी खाण. नाव मुकं, आणि आवाज असा की शेजारच्या गाई बिथरायच्या. मेटल म्हणतात त्या संगीताला, त्यातही हे सगळ्यात भयंकर जातीचं. शुर्दे गिटारवर, नेल ड्रमवर. ओलाया गायची म्हणावं तर गायची नाही, गुरगुरायची.

गावच्या जत्रेत ती पहिल्यांदा गुरगुरली तेव्हा माझ्या सासूबाई स्टेजपाशी जाऊन म्हणाल्या, "अगं पोरी, माशाचं हाड अडकलंय का घशात? कोरडा पाव खा, जाईल."

पण त्याच आवाजानं त्यांना जर्मनीला नेलं, पोलंडला नेलं. एका खटारा व्हॅनमध्ये झोपत, भांडत त्यांनी अर्धा युरोप पालथा घातला. तीन अल्बम निघाले. तिकडच्या लांब केसांच्या पोरांना आमच्या खोऱ्याचं नाव पाठ झालं. मग सासूबाईही मासेवालीपुढे मिरवायला लागल्या.

त्यांचा सगळ्यात मोठा चाहता मात्र ठार बहिरा होता.

नेलचे वडील, सेल्मोकाका. खाणीत आयुष्यभर खडक फोडून त्यांचे दोन्ही कान गेले होते. पण गोठ्याची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच, जुन्या दगडांची. नेल दोन्ही पायांनी तो मोठा ढोल बडवायला लागला की ती भिंत थरथरायची. काका खुर्ची सरकवायचे आणि भिंतीवर तळहात टेकवून बसायचे. रोज संध्याकाळी.

"आज भांडून आलाय कुणाशी तरी," असं ते हातावरून सांगायचे. किंवा म्हणायचे, "आज पोरगी हसली वाटतं याच्याकडे बघून."

आणि बरोबर असायचं.

जेवायची वेळ झाली की काका मुठीनं भिंतीवर तीन ठोके मारायचे. खाणीत माणसांचा पाळणा वर ओढून घ्यायची तीच खूण असते. वर ये. पलीकडून नेल ढोलाचा एकच ठोका द्यायचा. आलो. हे पंचवीस वर्षं चाललं.

मग एका फेब्रुवारीत लेओनचा कार्यक्रम संपवून नेल सामानाची व्हॅन घेऊन निघाला. बाकीची दोघं आगगाडीनं आली. घाटात बर्फ होतं...

व्हॅन घरी आली नाही.

त्या दिवसापासून भिंत गार पडली. काका तरी रोज हात टेकवून बसायचे. बघवायचं नाही.

दीड वर्षानं शुर्देनं चौथ्या अल्बमचा विषय काढला. नेलसाठीच करायचा होता तो अल्बम. पण त्याच्या जागी दुसरा ड्रमर बसवायची कुणाची छाती होईना. शेवटी ड्रम कॉम्प्युटरवर करायचे ठरले. नेलचा जुना ड्रमसेट गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली तसाच राहिला.

काका रोज सिद्रा घेऊन यायचे. आमच्याकडे सफरचंदाची ही दारू एकाच ग्लासातून सगळे पाळीपाळीनं पितात. बाटली डोक्यावर धरून काका धार ओतायचे. आधी ओलाया, मग शुर्दे. मग तिसऱ्यांदा ओतायचे, क्षणभर थांबायचे, आणि तो घोट जमिनीवर सांडायचे.

पहिलं गाणं झालं तेव्हा काकांनी स्पीकरवर हात ठेवला.

"हा कोण?"

"मशीन आहे, काका," शुर्दे ओठ हलवून म्हणाला.

"बरं वाजवतंय. पण दम लागत नाही याला." त्यांनी हात काढून घेतला.

आता ती दुपार.

ओलाया घरी गेली होती. शुर्देनं सगळी यंत्रं बंद केली, मेन स्विच खाली ओढला, आणि पाणी प्यायला काकांच्या स्वयंपाकघरात गेला.

काका भिंतीला हात टेकवून बसले होते.

हसत होते.

"शुर्दे, ऐक रे. नवं गाणं बसवतोय."

म्हातारा भ्रमिष्ट झाला, हेच शुर्देच्या मनात आलं. त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याची नजर टेबलावर गेली.

ग्लासाच्या तळाशी थोडी सिद्रा उरली होती. तिच्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती...

घरात आवाज कसलाच नव्हता.

तो धावत गोठ्यात गेला. कुणी नव्हतं. मेन स्विच खालीच होता. कोपऱ्यात ताडपत्री. पण ताडपत्रीखाली काहीतरी अगदी बारीक किणकिणत होतं... छोट्या ढोलाच्या पोटाला तारा असतात ना, त्या. शेजारी मोठा ढोल वाजला की त्या अशा थरथरतात.

मोठा ढोल वाजतच नव्हता.

शुर्दे परत आला. त्यानंही भिंतीवर हात टेकवला.

भिंत जिवंत होती.

आणि नेल जे वाजवत होता ते नेलला माहीत असायचं कारण नव्हतं. ते गाणं शुर्देनं नेल गेल्यानंतर बांधलं होतं. मधल्या वळणावर चुकत होता. थांबत होता. पुन्हा पहिल्यापासून धरत होता. नेलची तीच सवय होती.

"आपल्याला कसं जमेल याचीच काळजी याला जन्मभर," काका म्हणाले. "गधडा."

त्यानंतर रोज हेच. जे गाणं रेकॉर्ड करायला घेतलं असेल ते भिंतीत वाजायचं. गाणं पुरं झालं की ते बंद, दुसऱ्या दिवशी पुढचं सुरू. जिवंतपणीही नेल असाच होता. एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं घरी पुन्हा वाजवायचा नाही.

काकांच्या लक्षात हे सगळ्यांत आधी आलं. एक दिवस त्यांनी शुर्देचं मनगट धरलं.

"पोरा, किती राहिलीत?"

"एकच."

"ते करू नका."

शुर्देनं मान डोलावली. ओलाया मात्र तडकली.

"कंपनीला तारीख दिलीय, शुर्दे."

"म्हाताऱ्याचं काय करू, सांग ना तू."

"आणि नेलचं काय? त्याला असाच गोठ्यात बांधून ठेवायचं का, जनावरासारखं?" असं म्हणून ती दारात जाऊन उभी राहिली, कारण तिला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही.

शुर्दे कारणं सांगत राहिला. बोट दुखतंय, तार तुटली. ख्रिसमस आला नि गेला. भिंतीत शेवटचं गाणं रोज वाजत होतं.

जानेवारीत एका संध्याकाळी काका स्वतः गोठ्यात आले. सिद्रा नव्हती आणली. एवढेसे दिसत होते.

"आता चुकत नाही तो," काका म्हणाले. "महिना झाला, एकदाही चुकला नाही. तरी तेच वाजवतोय. पाय जड पडायला लागलेत त्याचे. मला कळतं." ते बराच वेळ ताडपत्रीकडे बघत राहिले. "दमलाय रे माझा पोरगा. माझ्यासाठी किती राबवू त्याला? करून टाका."

दुसऱ्या दिवशी केलं. त्या गाण्यात शुर्देनं मशीनचे ड्रम घातले नाहीत. नुसती गिटार आणि ओलाया. काका पलीकडे भिंतीला हात लावून बसले होते, आणि मीही होते त्यांच्याजवळ, शुर्देनंच मला बसवलं होतं. भिंतीला हात लावायचं धाडस मला झालं नाही. मी काकांचा चेहरा बघत होते. पापणी न लववता ऐकत होते ते, हातानं.

गाणं संपलं.

काकांचा हात तिथेच होता. मग तो हळूच शेजारच्या दगडावर गेला. मग त्याच्या खालच्या. अंधारात बटण चाचपावं तसे ते एकेक दगड चाचपत राहिले.

मग त्यांनी मूठ वळली. तीन ठोके मारले.

थोड्या वेळानं पलीकडून एक ठोका आला. पण काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"हा शुर्दे आहे," ते म्हणाले. "चांगला मुलगा आहे."

तिकडे शुर्दे ताडपत्री बाजूला करून ढोलाच्या पायपट्टीवर पाय ठेवून बसला होता. त्याच्यानं राहवलं नव्हतं.

काका मार्चमध्ये गेले. छातीत कोळसा होताच, पण माझं विचाराल तर भिंत गप्प झाली त्याच दिवशी ते गेले होते.

त्यांना पुरून आल्यावर शुर्दे एकटा गोठ्यात गेला. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. तो वायरी गुंडाळत होता. तेवढ्यात...

भिंतीवर ठोका पडला. स्वयंपाकघराच्या बाजूनं.

दुसरा.

तिसरा.

शुर्दे म्हणतो, वहिनी, मला भीती नाही वाटली. काकांना वाटेल कुणीच नाही, म्हणून मी उत्तर द्यायला ढोलाकडे निघालो.

तो दोन पावलंही गेला नसेल...

ढोल वाजला. एकदाच. या वेळी हाताला नाही, कानाला. साऱ्या गोठ्यात घुमला.

मग सगळं शांत. शुर्देनं बोलावल्यावर मी कुलूप काढून आत गेले तेव्हा टेबलावर काही नव्हतं. चूल विझलेली, तरी घरभर गरम फाबादाचा वास. पांढऱ्या पावट्याचा तो रस्सा काका नेलसाठी दर रविवारी करायचे.

अल्बम आला. लोक विचारतात, शेवटच्या गाण्यात ड्रम का नाहीत? शुर्दे उत्तर देत नाही. ओलायाचं म्हणणं, ते गाणं लावून स्पीकरवर हात ठेवा. मी अजून ठेवलेला नाही.

शुर्दे मात्र अजूनही संध्याकाळी काकांच्या खुर्चीत जाऊन बसतो, भिंतीला हात लावून. त्याच्या हाताला काहीच जाणवत नाही. परवा मी त्याला जेवायला बोलवायला गेले, आणि दारातून हाक मारायच्या ऐवजी नकळत भिंतीवरच मूठ उचलली. पण ती हाक त्या बापलेकांची, म्हणून तशीच खाली घेतली. आत जाऊन त्याला हाताला धरून घरी आणलं.