हिरीच्या उत्तरांमधली जागा

ही घटना खरी आहे. ऐकणाऱ्याला खोटी वाटली तर बरंच. निदान त्याला झोप तरी लागेल.

साल २००७. शहापुरात बाजारपेठेमागे एका लहानशा संस्थेची माडी. दसरा होऊन आठवडा झालेला. आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

चांगो गुरुजी भादव्यात गेले. आयुष्यभर ते डोळखांबकडच्या पाड्यांवर हिंडले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून जुन्या गोष्टी टेप करत राहिले. प्रश्न त्यांचे, उत्तरं त्या माणसांची. कॅसेटींना पुढे बुरशी लागली. त्याआधीच त्यांच्या लेकीने, अनिताने, सगळे आवाज संस्थेच्या सर्व्हरवर उतरवून ठेवले होते. ठाण्याला तिचं कामच ते होतं.

घरी वडिलांचे फोटो पुष्कळ होते.

आवाज मात्र फक्त इथे होता.

त्या सकाळी संस्थेच्या शिपायाचा, नवसूचा, फोन आला. "ताई, गुरुजींची पेटी वरडते. सकाळधरनं टीं टीं चाललंय."

अनिता पोचली तेव्हा खोलीत उदबत्तीचा शिळा वास होता. सर्व्हरच्या खोक्यावर कुंकवाची बोटं उमटलेली. नवसू तिला खुर्ची देऊन खाली चहा सांगायला गेला.

आत चार डिस्क होत्या. माहिती चौघींत वाटून ठेवलेली. एक बिघडली तर उरलेल्या तिघी तिची उणीव भरून काढतात.

दुसरी गेली, की सगळं गेलं.

तिने आधी टीं टीं बंद केलं आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा दिली. चार डिस्कच्या चार जागांपैकी तीन जागी अक्षरं उमटली. एका जागी नुसती आडवी रेघ... कोणीतरी उठून गेल्यासारखी.

बंद पडलेल्या डिस्कचा नंबर तिने वाचला. कोणत्या खणात कोणत्या नंबरची डिस्क, याच्या पट्ट्या तिनेच पूर्वी खणांखाली चिकटवल्या होत्या. हा नंबर तिसऱ्या खणाखाली होता.

स्वस्तातली पेटी. डिस्क मेली काय, जिवंत काय, दिवे हिरवेच.

तिने तिसऱ्या खणाची कडी उघडली. बोटं आत घातली.

आणि पंखे थांबले.

दिवे चालू. पडदा चालू. पण पंख्यांची घरघर... नाही. खालच्या बाजाराचा आवाजसुद्धा नाही.

मग तिच्या मागे कोणीतरी घसा साफ केला.

एकदाच. हलकेच. शाळेत मूल फळ्यावर चुकीचं लिहायला लागलं की गुरुजी करायचे, तसा.

ती वळली नाही.

बोटं मात्र आपोआप बाहेर आली.

घरघर पुन्हा सुरू झाली. आणि जिन्याखालून नवसूची हाक आली, "ताई! पावना आलाय का कोन वर? च्या दोन सांगू का तीन?"

"कोणी नाही रे..."

"मंग पुरुषमानूस खाकरला तो कोन?"

अनिताने कीबोर्ड पुढे ओढला. चांगल्या तिन्ही डिस्क एकदम वाचायला लावल्या, म्हणजे त्यांचे दिवे लुकलुकतील.

पहिला लुकलुकला. दुसरा लुकलुकला.

तिसराही.

चौथा स्थिर.

नवसू चहा घेऊन वर आला. तिने विचारलं, "ह्या डिस्क कोणी काढल्या होत्या?"

"मीच. दसऱ्याला. पेटी बंद केली, चारी जनी काढल्या, पुसल्या, पाटावं मांडल्या. गुरुजी गेले म्हनून पूजा चुकवायची का?"

"कुंकू लावलंस त्यांना?"

"खोक्याला लावला. तेंना नुसता फूल. मी काय येडा हाय?"

"आणि परत कशा लावल्यास?"

"जशा बसल्या तशा! चारी तं सारख्याच दिसतात."

पट्ट्या आता खोट्या होत्या. मेलेली डिस्क चौथ्या खणात होती; ती काढून तिने सोबत आणलेली नवी बसवली. उरलेल्या तिघींवरून तिची भरणी सुरू झाली. टक्के चढत राहिले. ऊन जिन्यावर आलं तेव्हा पडद्यावर चारही अक्षरं पुरी होती.

एकही चूक नाही.

तिने हेडफोन लावला. हिरी नावाच्या म्हातारीचं ध्वनिमुद्रण. वडिलांनी अगदी शेवटी, माघात केलेलं.

हिरी बोलत होती. "व्हय गुर्जी... तवा आमी लहान होतो." मग शांतता. मग ती हसली. "काय तरी इचारता तुमी!" पुन्हा शांतता.

प्रश्न नव्हते.

दुसरं लावलं. तिसरं लावलं. सगळीकडे उत्तरं होती. वडील कुठेच नव्हते.

"नवसू... हे ऐक."

नवसूने हेडफोन कानाला लावला आणि खुदकन हसला. "गुरुजी हिरीला इचारतात, लग्नात नवरा आवडला होता का? म्हातारी कशी लाजली बघा!"

अनिताने पुन्हा ऐकलं.

शांतता.

मग नवसू ऐकत राहिला आणि तिला एकेक प्रश्न सांगत राहिला. ती डोळे मिटून ऐकत होती. वडिलांचे शब्द, दुसऱ्याच्या आवाजात.

मध्येच तो गप्प झाला.

"काय म्हणाले?"

"काय नाय."

"नवसू!"

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा. "ताई, ह्यात गुरुजी आता हिरीशी नाय बोलत."

"मग कोणाशी?"

तो जिना उतरून गेला. अनिताने नंतर कितीदा विचारलं, पण त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या कोणाला ते ऐकवायचं तिचं धाडस झालं नाही.

ती एकटी असली की अजूनही ते लावते. हिरी बोलते, हसते. मग नवसू थांबला होता ती जागा येते...

अनिता हळूच "ओ" देते.

कशाला, ते तिला माहीत नाही. फक्त हल्ली तिला वाटतं, ती शांतता दर वेळी थोडी लांबत चालली आहे.