महाकवी जीवरामांचा अर्क

खान्देशाने मराठीला अफूच्या अर्कावर जगलेला एकच महाकवी दिला. हे वाक्य धुळ्यात, देवपूरच्या एका बंगल्याच्या फाटकावर संगमरवरात कोरलेलं आहे. संगमरवर, कोरणावळ आणि मत, तिन्ही घरचीच.

महाकवी म्हणजे कै. जीवराम. त्यांची बाटली दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असे. दारूत उतरवलेली अफू. जुने डॉक्टर तिला लॉडेनम म्हणत. विलायतेतले कवी ते घेऊन स्वप्नं पाहत आणि ती छापून आणत. जीवराम गेल्यापासून बाटलीच्या लाखेला कुणी हात लावला नव्हता. शनिवारी सकाळी लाख फुटलेली होती, आणि अर्क किंचित उतरलेला.

कवींचे चिरंजीव पंडितनाना यांनी जागच्या जागी निकाल दिला: आपला नातू हितेंद्र. पोराचे डोळे तारवटले होते, एवढा पुरावा त्यांना पुरला. निकाल त्यांनी इतक्या खड्या आवाजात दिला की दहा वाजेपर्यंत 'नशेबाज' हा शब्द वरणगावला, मुलीच्या घरी पोहोचला. रविवारी त्या मुलीशी हितेंद्रचा साखरपुडा होता. मुलीच्या वडिलांनी फोन करून 'बघू' एवढंच म्हटलं.

म्हणून हितेंद्रच्या आईने, मोहिनीबाईंनी, जळगावहून कोकिळाताईंना बोलावलं. कोकिळाताईंची डिटेक्टिव्ह एजन्सी लग्नाआधीच्या चौकशा करी. आजवर त्यांनी लग्नं मोडलीच होती. वाचवायचं काम प्रथमच आलं होतं. सोबत योगेंद्र होता, निवृत्त विमा एजंट. त्याने पारोळा येईपर्यंत गुन्हेगार ठरवून टाकला होता. तरुण मुलांविषयी त्याची एकंदरच खात्री होती.

आधी हितेंद्रला विचारलं. काल सगळे पाचोऱ्याच्या शेतावर भरीत खायला गेले होते, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असं सांगता सांगता तो पोट धरून उठला आणि आत पळाला. योगेंद्रने मान डोलावली. अपराधी मन, दुसरं काय.

मोहिनीबाई कॉलेजात मराठी शिकवत. आजेसासऱ्यांवर त्यांचा निबंध होता. 'पुन्हा उठलो, पुन्हा निघालो, काळोखाच्या पार' ही ओळ म्हणजे अर्काच्या अंमलाखाली जाणिवेने केलेला प्रवास, हे त्या समजावत होत्या. समजावणं अर्धवट टाकून त्याही उठल्या.

पंडितनाना मात्र आतल्या खोलीत झोपाळ्यावर निवांत रेलले होते. पडदे ओढलेले, अंधार. पेपर दिसत नाही म्हणून त्यांनी दिवा लावायला सांगितला.

"घरात सगळ्यांची पोटं बिघडलीत," कोकिळाताई म्हणाल्या.

"शहरी पोटं. दोन वाट्या भरीत मीच जास्ती खादं, पन माले काहीच व्हयनं नही. आमनं खानदानच आसं शे."

योगेंद्र त्यांच्या डोळ्यांकडे बघतच राहिला. बाहुल्या तिळाएवढ्या, काळ्याभोर. किती करारी नजर, असं तो बाहेर आल्यावर म्हणालाही.

घरातले सगळे एकदम बसू शकतील अशी वेळ यायला दुपार झाली.

"अफू घेतलेला माणूस झोपतो," कोकिळाताईंनी सुरुवात केली. "हितेंद्र रात्रभर जागा होता. शिवाय अफू आतडं थांबवते. या घरात कालपासून एकच आतडं थांबलंय, आणि सर्वांत जास्त भरीत त्याच्याच वाट्याला आलं होतं."

योगेंद्रने सवयीने हितेंद्रकडे पाहिलं. बाकीचे नानांकडे बघत होते.

"अंधारात बाहुली मोठी होते. अफू घेतली की ती अंधारातही तिळाएवढीच राहते. म्हणून नानांना पेपर दिसेना."

"म्हणजे ती करारी नजर..."

"अफूची. आता एकच राहिलं, नाना. घरात सगळे या अर्काला कवितेचं औषध समजतात. तुमचं पोट बिघडल्यावर हात नेमका याच बाटलीकडे कसा गेला?"



"बाबा बी त्याच्यासाठीच घेत," नाना म्हणाले.

"मग मला का गुंतवलंत?" हितेंद्रने विचारलं.

"तू सुटला असता रे. बाबा सुटले नसते."

मोहिनीबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "पुन्हा उठलो, पुन्हा निघालो..." पुढचं त्यांना म्हणवेना.

नानांनी टोपी चढवली आणि वरणगावला स्वतः फोन लावला. आवाज सत्काराच्या भाषणाचा होता. अर्क आपण घेतला, पोट बिघडलं म्हणून. वडीलही त्यासाठीच घेत. पोरगं निर्व्यसनी आहे, हे त्यांनी सांगितलं. "आणि एवढ्या वर्षांनी एका चमच्यात गुण आला. असं औषध जपणारं घर जिल्ह्यात दुसरं दाखवा, व्याही."

व्याही म्हणाले, उद्या सकाळी येतो.

कोकिळाताईंनी नानांना बाटलीसकट डॉक्टरकडे धाडलं. योगेंद्र सोबत गेला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि घराण्यात कुणाला काही जुना विकार होता का, असं विचारलं. नाना ताठ बसले. वडील महाकवी होते, हे त्यांनी आधी सांगितलं.

डॉक्टरांनी लिहून घेतलं: वडील, जुनी आव.