जादा तेल

भोसरीच्या आमच्या शेडमध्ये हॉटेलांतलं तळून काळं झालेलं तेल यायचं आणि बायोडिझेल होऊन जायचं. रिॲक्टर नवा, माझ्या नवऱ्याने, श्यामने, स्वतः बनवलेला. त्यात तेल आणि मिथेनॉल बारीक छिद्रातून जोरात ढकललं की बुडबुडे फुटायचे आणि तासांचं काम मिनिटांत व्हायचं. श्याम दिवसभर त्याच्या काचेला डोळे लावून बसायचा. मी त्या रिॲक्टरला माझी सवत म्हणायचे.

भोसरी गावचा सोनबा ड्रम भरायचा, वजनं मी घ्यायचे. जेवढं आत जातं तेवढंच बाहेर यायला हवं, एवढं तरी मला कळतं. पण प्रत्येक घाण्याला थोडं जादा येऊ लागलं.

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

श्याम हसत काट्यावर चढला. स्वतःचं वजन त्याला पाठ होतं. काट्याने बरंच कमी दाखवलं.

"बघ, बिघडलाच आहे."

मला हायसं वाटलं. आम्ही नवा काटा आणला. त्यावर तो आणखी हलका भरला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेल जास्त दाखवणारा काटा नवऱ्याला कमी कसा दाखवेल? मी मान वर करून श्यामकडे नीट पाहिलं. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकलं होतं.

रिॲक्टर त्याच दिवशी बंद केला, पाइप कापायला लावले. डॉक्टरांच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. संत तुकाराम नगरच्या घरात श्याम पोटभर जेवायचा आणि उतरत जायचा. मी इतकी घाबरले होते की रडूही येईना.

"निवेदिता, ते तेल परत आणता येईल का गं?" त्याने एकदाच विचारलं.

ते चाकणच्या ट्रकांत कधीच जळून गेलं होतं.

श्याम गेला. तिरडीला वजनच नव्हतं, असं खांदा देणारे म्हणाले.

आता शेड विकायला काढली आहे. शेवटचा एक ड्रम उरलाय. रिॲक्टर बंद केला तेव्हा अर्धा होता, आता काठोकाठ भरलाय. तो विकवत नाही, ओतवत नाही.

थंडीने पत्रे गारठलेत. ड्रम मात्र कोमट असतो.

आज सोनबाने त्याला हात लावला आणि तसाच ठेवला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ह्याच्या अंगात कसकस हाय बघा."