दाराशी झोपलेला धागा

काम काडीचं करत नाही आणि सांगितलं तरी जागचा हलत नाही, असा कोण? असे नग शाळेत ढिगाने सापडतात, पण शर्वाणीपुढचा नग संगणकात दडला होता.

तिचा लाडका खेकडोबा, म्हणजे सहा पायांचा यंत्रमानव, खाडीच्या तळाशी चिखलात रुतला होता. भरतीमापकाचा (पाण्याची उंची कळवणारं यंत्र) निरोप आला की पाय हलवायचे, एवढंच त्याच्या जुन्या मोड्यूलला (संगणकात बसवायचा जोडभाग) ठाऊक. आणि मापक तर सकाळीच वाहून गेला होता! स्वतःहून चालायला लावणारं नवं मोड्यूल केबलमधून पाठवायचं, तर जुनं जागा सोडेना. बॅटरी उरली होती वीस मिनिटांची.

“आजोबा, ओढून काढा ना जुनं!”

“तेवढं नको, बाळा,” काठावर संगणकासमोर बसलेले विनूआजोबा म्हणाले. खेकडोबा त्यांनीच घडवला होता. “साधा प्रोग्रॅम बंद पडला तर तो एकटाच बंद पडतो. हे मोड्यूल कर्नलमध्ये (संगणकाचा गाभा) बसलंय. त्यातला थ्रेड (एकच काम करत राहणारा धागा) अजून आत आहे. तो आत असताना मोड्यूल काढलं, तर अख्खा खेकडोबा कोसळेल. मग तो कायमचा तिथंच.”

हातपाय गाळणाऱ्यांतली शर्वाणी नव्हे.

“मग धाग्याला थांब म्हणा.”

“म्हटलं की! ‘थांब’ अशी पाटी लावलीय. वाचतच नाही.”

“आत्ता तो करतोय काय?”

“सॉकेटपाशी (निरोप येण्याजाण्याचं दार) मापकाच्या निरोपाची वाट बघत झोपलाय.”

“अहो, झोपलेला पाटी कशी वाचेल?”

आजोबांनी कपाळावर हात मारला. “हे मीच लिहिलं गं! मापक कधी गप्प होईल, हे डोक्यातच आलं नाही.”

“मग मापकाच्या नावाने आपणच निरोप पाठवू. दार तर तेच आहे!”

पहिला निरोप पोचलाच नाही, पत्ता चुकला होता. दुसऱ्याचंही तेच झालं. बॅटरी सहा मिनिटांवर आली. शर्वाणीने ओठ आवळले, पत्त्याचा एकेक अंक बोट ठेवून तपासला आणि तिसरा निरोप सोडला.

पडद्यावर अक्षरं उमटली. धागा जागा झाला. त्याने पाटी वाचली. दार बंद केलं.

“काढू जुनं?”

“तो बाहेर पडल्याची खूण येऊ दे.”

बॅटरी संपत असताना वाट बघणं हे सगळ्यांत अवघड काम, पण शर्वाणीने तेही केलं. खूण आली. जुनं मोड्यूल मुकाट्याने निघालं, नवं बसलं, आणि थोड्याच वेळात चिखलाने माखलेला खेकडोबा डुलत डुलत काठावर आला. शर्वाणीने चिखलासकट त्याला मिठी मारली.

पुढच्या महिन्यात तो खोल समुद्रात जाणार होता. तिथे चूक करून चालणार नव्हतं.

“नव्या मोड्यूलमध्ये एक गोष्ट घालायलाच हवी,” शर्वाणी म्हणाली. “आधी पाटी लावा, मग दार वाजवा, आणि धागा बाहेर येईपर्यंत थांबा.”

विनूआजोबा उठले आणि आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली. “मग बस. ती तूच लिही.”