सगळ्यांना मोकळं

ताई स्वतःच कबूल करते, असा गाढवपणा करायलाही कष्ट लागतात, आणि तिने ते घेतले. भावाने फोनवर दोनदा बजावलं होतं, "बाबांच्या फायली फक्त तुझ्या नावावर कर." पण हिला घाई. नेटवरून कुठूनशी उचललेली आज्ञा लॅपटॉपवर ठोकून दिली आणि अख्खी डिस्क सगळ्यांना मोकळी करून टाकली, वाचायलाही आणि लिहायलाही.

दुपारचे तीन वाजले होते. बाबांना जाऊन आठ महिने झालेले. "त्यांचा आवाज आठवेनासा झालाय गं," असं आई सकाळी म्हणाली, तेव्हापासून ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबांनी रेकॉर्ड केलेलं सगळं त्या एका बाहेरच्या डिस्कवर, आणि डिस्क तर आता टक्... टक्... करायला लागलेली. ताईच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपला बाबा माहीतच नव्हते. फायलींच्या मालकाच्या जागी बाबांच्या नावाऐवजी नुसता आकडा दाखवायचा, १००१. फाईल उघडायला गेलं की एकच उत्तर : परवानगी नाही.

"सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?" तिने केलेलं कळल्यावर भावाने फोनवर विचारलं.

"घरात मी आणि आई. दुसरं कोण येणारे?"

"धन्य आहेस." त्याने फोन ठेवला.

टकटक थांबली. पंखा बंद असूनही मानेला गार लागलं. कपाटात ओले कपडे कोंबून विसरावेत, तसा वास खोलीभर पसरला. फोल्डरमध्ये मघाशी सतरा फायली होत्या. आता सगळ्यात वर अठरावी होती. वेळ, आत्ताची. मालक, १००२.

"एक आकडा पुढे कसा?" ताई पुटपुटली, आणि तरी हेडफोन कानाला लावून तिने ती फाईल सुरू केली.

आधी नुसता श्वास. मग तिचाच आवाज... "दुसरं कोण येणारे?" मग अगदी जवळून, हळू, पुरुषी, "अगं... ऐकलंस का..."

बाबा आईला अशीच हाक मारायचे. पुढचं काही ताईच्या डोक्यात शिरलंच नाही. लॅपटॉप उचलून ती रडत आतल्या खोलीत धावली. डिस्कची वायर निघून मागे लोंबत होती, आवाज मात्र चालूच होता. तिने हेडफोन आईच्या कानाला लावला.

आईने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"आठवला ना आवाज, आई?"

"हो, लख्ख आठवला." आईने हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली. "हा त्यांचा नव्हे."